लूर्ड्सहून घरी काय आणायचं

प्रिय आई-बाबा,

सप्रेम नमस्कार.

लूर्ड्सला, म्हणजे फ्रान्समधल्या मरियामातेच्या यात्रास्थळी, जाण्यासाठी औषधं, स्वेटर, पासपोर्ट यांची यादी तुमच्याकडे तयार आहेच, त्यामुळे त्याबद्दल लिहीत नाही. परत आल्यावर घरात काय चालू राहणार, हे मात्र निघण्याआधीच ठरवा, असं मला मनापासून वाटतं. यात्रेहून माळा येतात, मूर्ती येतात, पाण्याच्या बाटल्या येतात. रोज करायची अशी एकही गोष्ट येत नाही, आणि महिनाभरात सगळं पहिल्यासारखं होतं.

पापनिवेदन निघायच्या आठवड्यात आपल्याच चर्चमध्ये करून घ्या. लूर्ड्सला त्यासाठी वेगळं चॅपेल आहे आणि बऱ्याच भाषांत फादर बसलेले असतात, पण मनातलं सांगायला आपली भाषाच बरी. शिवाय बाबांना रांगेत ताटकळावं लागणार नाही. ज्यांनी ज्यांनी ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’ म्हणून सांगितलंय, त्यांची नावं आणि त्यांचे हेतू एका छोट्या वहीत लिहून घ्या. गर्दीत नावं आठवत नाहीत आणि मग परतीच्या प्रवासात रुखरुख लागून राहते.

आई, पाण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. 25 फेब्रुवारी 1858 ला बेर्नादेतने, म्हणजे जिला तिथे मरियामातेचं दर्शन होत असे त्या मुलीने, गुहेत हाताने माती उकरली, तेव्हा आधी नुसता चिखल वर आला. तीन वेळा तिने तो टाकून दिला आणि चौथ्यांदा प्यायली. तोच झरा आजही वाहतोय. हे पाणी मंतरलेलं नाही आणि आशीर्वादित तीर्थही नाही. साधं झऱ्याचं पाणी आहे, ते श्रद्धेने घ्यायचं. बाहेर नळ आहेत, तिथे कितीही भरून घेता येतं. पण बहुतेक विमानतळांवर हातातल्या बॅगेत 100 मिलीच्या वरची बाटली चालत नाही, म्हणून ती मोठ्या बॅगेत ठेवा, झाकणाला चिकटपट्टी लावा आणि पिशवीत गुंडाळा. घरी आल्यावर स्वच्छ काचेच्या बाटलीत ओतून अंधाऱ्या, थंड जागी ठेवा. प्लॅस्टिकची बाटली देवघरापाशी उजेडात राहिली की पाणी हिरवट होतं. मग ते पिण्यासारखंही राहत नाही आणि फेकायला मन धजत नाही. तसं झालंच तर झाडाच्या मुळाशी ओता. दाराजवळ बोटं बुडवून क्रुसाची खूण करायच्या कुंडीसाठी पवित्र पाणी हवं असेल, तर ते फादरांकडून आशीर्वादित करून घ्या. स्नानगृहातलं पाणी 12 अंशांच्या आसपास असतं, म्हणजे हाडं गोठवणारं. बाबांनी हात-तोंड धुऊन घोटभर प्यायलं तरी पुरे. बेर्नादेतलाही ‘पी आणि धू’ एवढंच सांगितलं होतं.

गुडघे बरे झाले नाहीत तर यात्रा फुकट गेली, असं कृपा करून मनात आणू नका. तिथल्या वैद्यकीय कार्यालयात आजवर 7,000 हून अधिक लोकांनी आपण बरे झाल्याची नोंद केलीय. त्यांतले चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेले सत्तरच्या घरात आहेत. म्हणजे लाखो आजारी आजार घेऊनच घरी परततात, आणि तरी पुन्हा यायचं म्हणतात. कारण तिथे आजाऱ्याला पहिली जागा असते. मिरवणुकीत चाकाच्या गाड्या सगळ्यांत पुढे, मागे धडधाकट माणसं. आपल्याकडे आजारी माणूस रविवारच्या मिस्सेला शेवटच्या बाकावर बसतो, नाहीतर घरीच राहतो. मला वाटतं, लूर्ड्सहून आणायची सगळ्यांत मोठी गोष्ट हीच. गल्लीत अंथरुणाला खिळलेलं कोणी असेल, तर त्यांच्या घरी कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, न्यायला फादरांना सांगा. फादर येतील त्या दिवशी टेबलावर पांढरं कापड, क्रूस आणि मेणबत्ती मांडायला आई तू जा. 11 फेब्रुवारी, म्हणजे पहिल्या दर्शनाचा दिवस, 1993 पासून जगभर आजाऱ्यांसाठी पाळला जातो. पुढच्या वर्षी त्या दिवशी त्यांना गाडीने मिस्सेला नेता येईल.

तैलाभ्यंगाचंही, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावायच्या संस्काराचंही, तसंच. फादर तेल घेऊन आले म्हणजे माणूस आता चालला, अशी समजूत अजून घट्ट आहे आणि म्हणून घरचे त्यांना शेवटच्या तासापर्यंत बोलावत नाहीत. हा संस्कार मरणाऱ्यांपुरता नाही. आजाराने किंवा वयाने अंगातली शक्ती कमी झालेल्या कोणालाही तो घेता येतो, आणि प्रकृती आणखी ढासळली तर पुन्हाही घेता येतो. तुम्ही दोघांनी तो जरूर घ्या, तिथे किंवा इथे. आणखी एक: कम्युनियनआधी तासभर उपाशी राहायचा नियम वृद्धांना आणि आजाऱ्यांना लागू नाही. बाबा, साखरेच्या गोळीसोबत बिस्किट खायला संकोच करू नका.

क्रुसाच्या वाटेसाठी, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या स्थानांपाशी थांबत करायच्या प्रार्थनेसाठी, डोंगरावर चढू नका. ती वाट साधारण दीड किलोमीटरची आहे आणि चढणीची आहे. नदीपलीकडे सपाटीवर दुसरी आहे, तिथे जा. खरं तर आपल्या चर्चच्या भिंतीवरची चौदा स्थानंही यात्रेतूनच आलेली आहेत. यरुशलेमला जाणं ज्यांना जमत नव्हतं त्यांच्यासाठी फ्रान्सिस्कन साधूंनी ती वाट गावोगावी उभी केली, आणि 1731 मध्ये स्थानांची संख्या चौदा ठरली. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, पुस्तकातली प्रार्थना भराभर वाचण्यापेक्षा प्रत्येक स्थानापाशी मिनिटभर गप्प उभं राहा. ठरावीक शब्द म्हणायलाच हवेत असं बंधन नाही. दुःखसहनाचं मनन मात्र हवं.

रात्री नऊची मेणबत्त्यांची मिरवणूक चुकवू नका. तिथे रोझरी, म्हणजे मरियामातेची माळेवरची प्रार्थना, किती संथ म्हणतात ते नीट ऐका. आपल्या घरी पहिल्याची अर्धी प्रार्थना संपायच्या आतच दुसऱ्याने उरलेली अर्धी सुरू केलेली असते. पहिला थांबल्याशिवाय दुसऱ्याने सुरू करायचं नाही, आणि प्रत्येक रहस्याचं, म्हणजे येशू-मरियेच्या जीवनातल्या प्रसंगाचं, नाव घेतल्यावर दहा सेकंद शांत राहायचं. या दोनच गोष्टींनी पाच रहस्यांना वीस मिनिटं लागतात. आठच्या मालिकेआधी ती सहज बसतात. मालिकेनंतर डुलक्या लागतात. घरात एकत्र, सलग, मनन करत म्हटलेल्या पाच रहस्यांनाही पूर्ण दंडमोचन, म्हणजे माफ झालेल्या पापांच्या उरलेल्या शिक्षेतून पूर्ण सुटका, आहे. अटी नेहमीच्याच: पापनिवेदन, कम्युनियन, पोपमहोदयांच्या हेतूंसाठी एक ‘आमच्या बापा’ आणि एक ‘नमो मरिया’, आणि कुठल्याही पापाची ओढ मनात न ठेवणं. दिवसाला एकदाच मिळतं, स्वतःसाठी किंवा मृतांसाठी. आजीसाठी एक संध्याकाळ ठेवा. वहीतली नावं तिथे संपवू नका. रोज एका रहस्याला एक नाव घ्या.

दुकानं गुहेपासून हॉटेलापर्यंत लागलेली आहेत. माळा घ्यायच्या तर पहिल्याच दिवशी घ्या, म्हणजे शेवटच्या मिस्सेत आशीर्वाद मिळेल.

निघायच्या आधीच्या शनिवारी फादर पापनिवेदनाला किती वाजता बसतात, ते विचारून मला कळवा. तुम्हाला न्यायला मी येते.

तुमची,
लेक