आधी आकृती काढू द्या : तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. तंत्रशिक्षण मंत्री,
गोवा सरकार, पर्वरी

सादर नमस्कार.

5 जुलै 1986 ला मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा मी शाळेत होतो. त्यानंतर पणजीला जायचे म्हणजे बेतीहून फेरीबोट. बोट धक्क्याला लागली की पुढचा लोखंडी रॅम्प खाली यायचा आणि मी त्याच्या दोरांकडे बघत राहायचो. पुढे सिव्हिलचा डिप्लोमा केला. आता डिचोलीत डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाच्या मुलांची ॲप्लाइड मेकॅनिक्सची शिकवणी घेतो, आणि तोच रॅम्प फळ्यावर काढतो.

समजा, रॅम्प आडवा धरलेला आहे. वजन 600 किलो, मधोमध. एका टोकाला बिजागरी, दुसऱ्या टोकाला दोन दोर, रॅम्पशी 30 अंशांचा कोन करून. बिजागरीभोवती मोमेंट, म्हणजे बल गुणिले बिजागरीपासूनचे लंब अंतर, घेतले की प्रत्येक दोरावर 300 किलोंचा ताण निघतो. कोन 15 अंशांवर आणला की ताण 580 च्या घरात जातो, वजन तेवढेच असताना. वर्ग गप्प होतो. मग कोणीतरी विचारतो, ‘सर, दोर आणखी आडवा केला तर?’ या प्रश्नासाठीच मी शिकवतो.

पण तिथवर पोचणारी मुले थोडी. फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे एकट्या वस्तूवरच्या बलांची आकृती, काढा म्हटले की बरीच जण बोट, धक्का, पाणी, सगळे चित्र उतरवतात. रॅम्प एकटा सोडवून घ्यायचा आणि तो जिथे जिथे टेकला किंवा बांधला होता तिथे बल दाखवायचे, याची हाताला सवयच नसते. बिजागरीवरचे आडवे बल तर हमखास राहते. आडव्या बलांची बेरीज शून्य, उभ्यांची शून्य, मोमेंटची शून्य, हे सगळ्यांना तोंडपाठ असते. पण आकृतीत न आलेले बल समीकरणात येणार कुठून?

यातली कितीतरी मुले चौथीपर्यंत मराठीत शिकलेली, पाचवीपासून इंग्रजीत. भिंतीला टेकवलेल्या शिडीच्या गणितात ‘स्मूथ वॉल’ म्हणजे घर्षण नाही, म्हणून भिंत शिडीला फक्त काटकोनात ढकलते, हे त्यांना कोणी बोलून सांगितलेले नसते. फ्रिक्शन, रिॲक्शन हे शब्द राहू द्यात, साइटवर तेच चालतात. समजावणे मराठी-कोंकणीत होऊ द्या. एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, मराठी पुस्तके आहेत, ती मुलांच्या हाती पडू द्या.

पणजी, डिचोली आणि कुडचड्याच्या सरकारी पॉलिटेक्निकांत पहिल्या वर्षी आठवड्याचे दोन तास फक्त आकृत्यांसाठी राखून ठेवा. वीस-वीस मुलांचे गट, कॅल्क्युलेटर बंद. महागडी यंत्रे लागत नाहीत. स्प्रिंग बॅलन्स, दोरी आणि वजने पुरतात. परीक्षेत आकृतीला स्वतंत्र गुण द्या, म्हणजे मुले ती मनापासून काढतील. मी स्वतः प्रयोगाचे जर्नल दुसऱ्याच्या वहीवरून उतरवून पास झालो. नोकरीच्या पहिल्याच वर्षी परांचीवर किती माल चढवायचा ते मला सांगता येईना, आणि त्या परांचीवर माणसे काम करत होती. ती भीती मी विसरलेलो नाही.

नवी तुकडी येण्याआधी एखाद्या शनिवारी रायबंदरच्या धक्क्यावर या, साहेब. माझी मुले वह्या घेऊन तिथे असतील. चोडणहून बोट येईल, तेव्हा तिच्या रॅम्पची आकृती ती तुमच्यासमोर काढतील.

आपला,
शिकवणी घेणारा एक शिक्षक, डिचोली