मुसळीचं पान जपा, तिचा डीएनएही काढा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

मी शहाद्याचा, तीस वर्षं ज्युनियर कॉलेजला बायॉलॉजी शिकवलं, आता रिटायर. हल्ली बऱ्याच पोरांच्या तोंडून ऐकतो की सर आता डीएनए आलाय, मग पान, फूल, मूळ बघत बसायची काय गरज. हे ऐकून जीव तुटतो म्हणून लिहितोय.

धडगावकडच्या एका पावरा आदिवासी आजींनी मला एकदा पावसाळ्यात मुसळी या औषधी झाडाचे दोन गड्डे उपटून दाखवले होते. एकाच्या मुळ्या बुडापासूनच जाड, बोटांसारख्या झुपक्यात, आणि दुसरीची मुळी आधी दोऱ्यासारखी बारीक जाऊन टोकाला गाठ लोंबलेली. पहिली सफेद मुसळी, जिच्या शास्त्रीय नावात बोरिवली आहे, दुसरी तिच्याच वंशातली पण वेगळी जात. आजींना हे हाताला कळत होतं. पण तीच मुसळी पानं वाळल्यावर खणली, सोलली, वाळवली आणि बाजारात आली की भलेभले फसतात, कारण ओळख पटायला ना फूल उरतं ना पान. तिथे डीएनएच कामाला येतो. २००९ साली शास्त्रज्ञांनी वनस्पतींच्या बारकोडसाठी, म्हणजे डीएनएच्या छोट्या तुकड्यावरून जात ओळखण्यासाठी, आरबीसीएल आणि मॅटके हे दोन जीन सुचवले, दोन्ही हरितलवकातले, म्हणजे पेशीतल्या हिरव्या कणातले. पण हरितलवक बहुतेक झाडांत आईकडूनच येतं, म्हणजे दोन जातींचा संकर झाला असेल तर बापाचा पत्ताच लागत नाही, म्हणून आई-बाप दोघांकडून येणाऱ्या, पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएचा आयटीएस नावाचा तुकडाही बघावा लागतो.

डोंगरात तर डीएनए फारच लागतो. तोरणमाळच्या पठारावर वारा, धुकं, उथळ माती, तिथलं झाड खुजं आणि पान जाड, तेच खाली दरीत सावलीत लांबच लांब पानाचं, बघणारा दोन जाती समजतो आणि उलटं पण होतं, दिसायला सारख्या पण आतून वेगळ्या. झाडांची कुळंही डीएनएमुळे बदलली. मुसळी आम्ही कांद्याच्या कुळात शिकवायचो, लिलिएसी म्हणून. १९९८ पासून डीएनएच्या आधाराने एपीजी ही वर्गीकरणाची पद्धत आली, ती सुधारत गेली, आणि आता मुसळी शतावरीच्या कुळात, कांदा वेगळ्या कुळात.

पण डीएनएचा तुकडा नुसता पडून काय कामाचा? तो ज्या झाडाचा, ते झाड वाळवून कागदाच्या शीटवर चिकटवून ठेवलेलं पाहिजे, नाहीतर उद्या शंका आली तर परत बघणार काय? आणि इथेच आपलं घोडं अडलंय. आपल्याच भागातल्या एका कॉलेजात मी जुन्या हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहाच्या, शीट बघितल्या, कपाटाचं दार तुटलेलं, किड्यांनी पानांची चाळण केलेली, एका शीटवर फक्त देठ आणि खाली शाईत गावाचं नाव शिल्लक. ते झाड आज तिथे आहे की नाही कुणाला ठाऊक. जुन्या वाळलेल्या पानातूनही कधी कधी डीएनए मिळतो, पण पान तर उरलं पाहिजे ना.

माझं म्हणणं एवढंच की खानदेशातल्या कॉलेजांनी सातपुड्यातून झाड गोळा केलं की एक फांदी शीटवर लावावी, त्याच झाडाचं कोवळं पान ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पाकिटात वाळवावं, दोन्हीवर एकच नंबर टाकावा, त्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची लिहावी आणि पावरा, भिल्ल लोक त्याला काय म्हणतात तेही लिहावं. सिलिका जेल काही महाग नाही. आणि मुसळी असेल तर मुळी न तोडता, आजींनी दाखवली तशी, पूर्ण लावावी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, शहादा