भाजीवाल्या काकांना, उशिराने का होईना, एक पत्र

हेन्ड्रिक व्हान हूव्हे काका,

तुम्ही जाऊनही आता बरीच वर्षं झाली, हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही हे माहितीये, तरी लिहितेय. अ‍ॅन फ्रँकची डायरी आमच्याकडे शाळेच्या वयातच हातात पडते, मीही तेव्हाच वाचली, पण तेव्हा तुमच्याकडे लक्षच गेलं नव्हतं. आता रोज स्वतः भाजी आणते ना, म्हणून परत वाचताना तुमच्यापाशीच अडकले.

कारण भाजीवाल्याला सगळं कळतं हो. घरात किती माणसं जेवतात, पाहुणे कधी आलेत, कोण आजारी आहे, सगळं पिशवीवरून कळतं. अ‍ॅमस्टरडॅमच्या लेलीग्राख्टवर तुमचं दुकान, तिथून जवळच प्रिन्सेनग्राख्ट २६३ आणि तिथे ऑफिसच्या मागच्या भागात जुलै १९४२ पासून नाझींपासून लपलेली ज्यू माणसं, आधी सात आणि नोव्हेंबरपासून आठ, अ‍ॅन त्यांतलीच. मीप गीस त्यांना सांभाळणारी ऑफिसातली बाई, घरी ती आणि नवरा, आणि भाजी मात्र एवढी घेतेय! तुम्हाला ते दिसलंच. पण तुम्ही काही विचारलं नाहीत, गुपचूप तिच्यासाठी भाजी बाजूला काढून ठेवायला लागलात. सगळीकडे टंचाई, रेशनची कुपनं, आणि कोणी चुगली केली तर थेट अटक, अशा दिवसांत.

आणि ते बटाटे! एवढं वजन बाईमाणसाने रोज कुठे उचलायचं म्हणून तुम्ही स्वतः जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात आणून द्यायचात, मीपने दाखवलेल्या छोट्या कपाटात ठेवून निघून जायचात, आणि रात्री लपलेल्यांतला तरुण मुलगा पीटर खाली येऊन ते वर न्यायचा. कोणासाठी, कशासाठी, यावर तुमच्यात आणि मीपमध्ये एक शब्दही नाही. मला हे वाचून खरंच भरून आलं.

त्यात तुमच्या स्वतःच्या घरातही दोन ज्यू माणसं लपवलेली होती हे मला आधी लक्षातच आलं नव्हतं, म्हणजे दुकानात उभं राहून गिऱ्हाइकांशी बोलताना तुमच्या डोक्यावर केवढं ओझं असेल. २५ मे १९४४ ला तुम्हाला पकडून नेलं. त्या दिवशी अ‍ॅनने लिहिलंय की आम्हाला हा मोठा धक्का आहे, पण जेवणाचं ती नंतर बोलते, आधी त्या दोघांची आणि तुमची काळजी करते. मग सकाळचा नाश्ता बंद, दुपारी पेज आणि ब्रेड, रात्री बटाटे, भाजी आठवड्यातून एकदोनदा. तुम्ही नसलात की काय होतं ते त्या ओळींत दिसतं. तुम्हाला नेल्यानंतरही दहा आठवडे प्रिन्सेनग्राख्टच्या त्या घरात पोलीस आले नाहीत. ते आले ४ ऑगस्टला आणि आठही जणांना घेऊन गेले. आठांतले एकटे ऑटो फ्रँक, अ‍ॅनचे वडील, परत आले, हे लिहिताना हात थांबतो.

तुम्ही छळछावण्यांतून जिवंत आलात, थंडीने पाय गोठून गेलेले, आणि मीप परत तुमच्या दुकानात आली तेव्हा तुम्ही दोघं फार दिवसांनी भेटलेल्या मित्रांसारखे भेटलात.

काका, त्या प्रत्येक पोत्यासाठी, आणि मीपला कधीच न विचारलेल्या त्या प्रश्नासाठी, मनापासून आभार.

तुमची,
डायरीची एक वाचक