संरक्षक भिंतीने गाळ थांबत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर आमच्या गावाची बातमी होती. डोंगराच्या उतारावर सपाटीकरण करून घातलेल्या भरावाला पायथ्याशी संरक्षक भिंत बांधून झाली, त्यामुळे खालच्या शेतकऱ्यांना दिलासा मिळाला, अशी. सोबत छायाचित्र होतं. त्यात भिंत कमी आणि मान्यवर जास्त. खालच्या शेतकऱ्यांपैकी एक म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांनी चष्मा लावून बातमी दोनदा वाचली आणि मला विचारलं, "दिलासा कोणाच्या घरी पोचवला गं यांनी?"

मी कृषी खात्यातून पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाले. नोकरीतला बराचसा काळ मृदसंधारणाच्या कामांवर गेला: बांधबंदिस्ती, सलग समतल चर, नाल्यातले दगडी बांध. त्यामुळे भिंत झाली म्हणजे काम झालं, हे मला पटत नाही. भिंतीबद्दल माझी तक्रार नाही. बरी बांधली आहे. पण ती भराव कोसळू नये म्हणून आहे, आणि आमच्या खाचरांत गेल्या पावसाळ्यात जे आलं ते कोसळून आलेलं नव्हतं, धुपून आलेलं होतं. या दोन दुखण्यांची औषधं वेगळी आहेत.

जागा अशी आहे. डोंगराची वरची बाजू कापली, निघालेली माती आणि जांभ्याचा चुरा पोकलेनने पुढच्या उतारावर लोटला आणि अडीच एकरांची सपाटी तयार केली. तिथे काय होणार ते फलकावर लिहिलेलं आहे. मालकाचं नाव इथे देत नाही, कारण आमच्या तालुक्यात अशा सपाट्या आता जागोजागी दिसतात आणि सगळीकडे काम करण्याची तऱ्हा हीच आहे. खाली एक पऱ्या, म्हणजे ओढा आहे, तो पुढे बावनदीला मिळतो. पऱ्याच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरं. जाऊबाईंचं सहा गुंठ्यांचं खाचर भरावाच्या बरोबर खाली येतं.

गेल्या जूनमध्ये रात्रभर पाऊस कोसळला, त्या सकाळी मी वर गेले होते. डंपर मागे घेताना सपाटीच्या काठावर चाकांच्या दोन खोबणी पडल्या होत्या आणि सपाटीवर साचलेल्या पाण्याला तीच वाट सापडली होती. खोबण जिथे उताराला लागते तिथे बोटभर रुंदीचा ओघळ होता. तळाशी खडे उघडे पडलेले. बारीक माती पाण्याबरोबर निघून गेलेली. बघता बघता ओघळाच्या कडा खालून पोखरल्या जाऊन ढेकळाढेकळाने आत पडत होत्या आणि त्याचं डोकं मागे, सपाटीच्या दिशेने सरकत होतं. साइटवरचा पोरगा म्हणाला, "काकू, दोन डंपर मुरूम टाकतो, बुजून जाईल." टाकलाही. संध्याकाळपर्यंत तो मुरूमही खाली गेला आणि ओघळ गुडघाभर झाला. त्या मुलाचा दोष नाही. पाण्याला दुसरी वाट दिल्याशिवाय ओघळ बुजवणं म्हणजे पुढच्या सरीसाठी मालाची सोय करून ठेवणं, हे त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं.

आता थोडा हिशेब. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. एका दिवसात १०० मिलिमीटर पडले तर एका एकरावर चार लाख लिटर पाणी येतं. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला ९ मीटर वेगाने जमिनीवर आपटतो. गवत असेल तर तो मार गवत खातं. उघड्या भरावावर तो मातीचे कण सुटे करतो, वर पापडी धरते, पाणी मुरायचं थांबतं आणि सगळंच वाहू लागतं. एकरभर जागेवरून एक सेंटिमीटर थर धुपला तर १४ ब्रास माती गेली; ब्रास म्हणजे १०० घनफूट. अडीच एकरांची ३५ ब्रासच्या वर. वरून पाहिलं तर सपाटी होती तशीच दिसते. माती उचलायची तर तहसील कार्यालयात ब्रासवर स्वामित्वधन भरावं लागतं. पऱ्यात गेलेल्या ब्रासांची पावती मात्र कोणी मागत नाही.

भिंतीचं म्हणाल तर, तिच्यामागे पाणी साचून दाब येऊ नये म्हणून तिला पाइप ठेवतात. त्या पाइपांमागे खडी आणि वाळूचा गाळणथर नीट नसेल तर पाण्याबरोबर बारीक मातीही त्यातूनच बाहेर येते. जे पाणी पाइपात शिरत नाही ते भिंतीच्या दोन टोकांना वळसा घालून जातं. वळवाच्या पहिल्या सरीलाच भिंतीच्या पूर्वेकडच्या टोकाशी नवीन ओघळ पडला आहे. छायाचित्रात तो नव्हता, कारण मान्यवर त्याच्यापुढे उभे होते.

"मग खाली गाळ साठवायला खड्डा काढू," असं आता साइटवर म्हणतात. काढावाच. पण त्याच्यावर किती विसंबायचं ते आधी समजून घेतलेलं बरं. गेल्या वर्षी पऱ्याचं पाणी मी बाटलीत भरून खिडकीत ठेवलं होतं. भरड वाळू बाटली खाली ठेवेपर्यंत बसली, तासाभरात मऊ गाळाचा थर दिसू लागला. वरचं पाणी मात्र दोन-तीन दिवसांनीही बिनदुधाच्या चहासारखं लालच. यात नवल काही नाही. बारीक वाळूचा, एक दशांश मिलिमीटरचा कण संथ पाण्यात मीटरभर खाली जायला दोन मिनिटंही घेत नाही. गाळाच्या मध्यम कणाला पाऊण तास लागतो. चिकणमातीच्या दोन मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दोन हजारांश कणाला तीन दिवसांहून जास्त, आणि तेही पाणी अजिबात हलत नसेल तर. पावसाळ्यात खड्ड्यातलं पाणी तीन दिवस स्थिर कुठून राहणार? शिवाय आकाराचाही प्रश्न आहे. अमेरिकेत मोठ्या बांधकामांना गाळकुंडासाठी एकरी ३,६०० घनफुटांचं माप लावतात, म्हणजे ३६ ब्रास. आमच्याकडच्या १०० मिलिमीटरच्या एका दिवसाचं पाणीच एकरी १४३ ब्रास होतं. खड्ड्यात वाळू आणि भरड गाळ अडेल, आणि अर्धा भरला की उपसला तरच पुढेही अडत राहील. लाल पाणी पऱ्यात जाणारच. ते थांबवायचं तर माती वरच, आहे तिथेच धरून ठेवायला हवी.

पाणलोटाच्या कामात आम्ही माथ्याकडून पायथ्याकडे यायचो. इथे सगळं उलट चाललं आहे. आधी भिंत, मग खड्डा, आणि माथ्यावर कोणी गेलेलंच नाही. कापलेल्या डोंगराच्या वरच्या बाजूने एक चर काढून वरचं पाणी भरावावर येण्याआधीच बाजूला न्यायला हवं आणि दगडी पायऱ्यांच्या पाटाने खाली सोडायला हवं. हे अगदी पहिलं काम, आणि जेसीबीचं फार तर एक-दोन दिवसांचं. सपाटीचा उतार पुढच्या काठाकडे न ठेवता किंचित मागे ठेवायचा, रोलर फिरवून वरचा थर दाबून घट्ट करायचा आणि काठावर मातीचा ठेंगणा बांध घालायचा, म्हणजे पाणी वाटेल तिथून उडी मारणार नाही. भराव २० ते २५ सेंटिमीटरच्या थरांनी घालून प्रत्येक थर दाबायला हवा होता, आणि मुळातल्या उताराला पायऱ्या खणून त्यावर बसवायला हवा होता. ती वेळ गेली. पोकलेनने लोटलेली माती जेमतेम स्वतःला सावरेल अशा कोनात थांबते. तिला उभ्याला एक आडव्याला दोन असा उतार आणि मध्ये एक सपाट टप्पा आजही देता येईल.

मग राहिलं ते झाकणं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं काम हेच. एकरी दोन टन भातेण, म्हणजे भाताचा पेंढा पसरून वर काथ्याची जाळी खुंट्यांनी ठोकली तर थेंबाचा मार मातीला लागत नाही. जाळीच्या आतून गवत उगवतं. उतारावर मीटर-मीटर उंचीच्या अंतराने वाळा या गवताच्या आडव्या ओळी लावायच्या, ठोंबात चार-सहा बोटांचं अंतर ठेवून. वाळ्याची मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत तीन मीटरपर्यंत. ओळ भरली की मागे गाळ अडून आपोआप टप्पा तयार होतो. हे कोकणाला नवीन नाही. कोकण रेल्वेने धोक्याच्या उतारांवर जाळ्या आणि खिळे ठोकण्याच्या कामांबरोबर वाळाही लावला आहे. आपल्याकडे तो विहिरीच्या काठी असतोच, फक्त माठात घालण्यापुरता आठवतो.

नियम नाहीत असंही नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या रस्ते व पूल कामांच्या विनिर्देशांत, २०१३च्या पाचव्या आवृत्तीत, ३०६ क्रमांकाचं कलमच मातीची धूप आणि गाळ रोखण्यावर आहे. तात्पुरते बांध, गाळकुंडं, आच्छादन, गवत, उतारावरचे पाट हे सगळं त्यात आहे. पूर्वपरवानगीशिवाय एका वेळी मोठं क्षेत्र उघडं करू नये, हेही आहे. सरकारी रस्त्याच्या ठेकेदाराला हे बंधन कागदावर तरी असतं. खासगी सपाटीकरणाच्या परवान्यात किती ब्रास काढणार हे विचारतात. सात जूनला माती झाकलेली असेल का, हे विचारत नाहीत.

नुकसानभरपाईचंही ऐका. आपत्ती मदतीच्या २०२२ ते २०२६ या काळाच्या केंद्रीय निकषांत शेतजमिनीवर तीन इंचांपेक्षा जास्त गाळ साचला तर तो काढायला हेक्टरी १८,००० रुपये ठरवले होते. जाऊबाईंच्या सहा गुंठ्यांना हिशेबाने अकराशेच्या आसपास येतात; शेतकऱ्यामागची किमान मदत धरली तरी बावीसशे. सहा गुंठ्यांवरचा तीन इंच गाळ म्हणजे सोळा ब्रास. तेवढ्या पैशांत जेसीबी फार तर दोन तास येईल, आणि खाचरात उतरायला त्याला वाटही नाही; घमेल्यानेच काढावा लागला. तोही काढून टाकायचा कुठे, हा प्रश्न होताच. शिवाय गाळ डोंगर कापणाऱ्यामुळे आला की निसर्गामुळे, यावर पंचनामा अडला तो अडलाच.

आणि कृपा करून कोणी "फुकटचा गाळ मिळाला, जमीन सुधारेल" असं म्हणू नये. म्हणणारे भेटले आहेत, त्यात शिकलेलेही होते. गाळमुक्त धरण योजनेत तलावातून निघतो तो शेतांच्या वरच्या थरातून वाहून आलेला, वर्षानुवर्षं साचलेला गाळ. आमच्याकडे आली ती डोंगराच्या पोटातली माती. तिच्यात सेंद्रिय अंश जवळजवळ नाही, लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर. ते स्फुरदाला धरून ठेवतात, घातलेलं खतही पिकाला लागू देत नाहीत. वर ऊन पडलं की ती विटेसारखी कडक होते. तरवा, म्हणजे भाताची रोपवाटिका, तिच्याखाली गेला, आवणीला, म्हणजे लावणीला, रोपं शेजारच्या वाडीतून आणावी लागली. पऱ्यावरची मोरी निम्मी भरली आहे. चढणीचे मासे धरायला पोरं जिथे जायची त्या डोहात आता पाऊल रुततं.

२०२१च्या जुलैत चिपळूण बुडालं. त्यानंतर वाशिष्ठी आणि शिवनदीतला गाळ काढा, एवढ्या मागणीसाठी चिपळूणकरांना डिसेंबरात साखळी उपोषणाला बसावं लागलं होतं. पूर एका कारणाने येत नाही आणि नदीतला सगळा गाळ भरावांचा असतो असंही मी म्हणणार नाही. पण नदीतून गाळ उपसायला जो खर्च सरकार करतं, त्याच्या तुलनेत माथ्यावर पेंढा पसरायला काय लागतं, याचा अंदाज कोणीही बांधू शकेल.

मागणी थोडकी आहे. तालुका प्रशासनाने उत्खनन आणि सपाटीकरणाच्या परवान्यात ३१ मेची अट घालावी: त्या तारखेनंतर कापलेली वा भरलेली माती उघडी दिसता कामा नये, आणि वरचा चर झाल्याची पाहणी तलाठी व कृषी सहायकाने जागेवर जाऊन करावी. पूर्वेकडचा ओघळ या महिन्यातच बुजवावा, पण त्याच्या वरचं पाणी वळवून मगच. आपल्या वार्ताहरांना विनंती की पुढचं छायाचित्र जुलैत, चांगला पाऊस चालू असताना आणि भिंतीच्या टोकाशी उभं राहून काढावं. छत्री मी देईन.

साइटच्या मालकांसाठी एक निरोप. आमच्या विहिरीच्या काठाला वाळ्याची ठोंबं भरपूर आहेत. पैसे नकोत. मृगाच्या आधी माणसं पाठवावीत आणि हवी तेवढी खणून न्यावीत; ओळी कशा धरायच्या ते मी येऊन दाखवीन, जाऊबाईही येतील म्हणतात.

आपली वाचक,
एक निवृत्त कृषी पर्यवेक्षक
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी