कुरखेडा–कोरची रस्त्याला त्या सोळा जणांचं नाव द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कुरखेड्याहून पुराडा आणि बेडगाव घाटामार्गे कोरचीला जाणाऱ्या रस्त्याला १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळ मारल्या गेलेल्यांचं नाव द्यावं, ही मागणी आपल्या वृत्तपत्रातून शासनापुढे मांडत आहे.

त्या दिवशी काय झालं, ते इकडच्या लोकांना सांगावं लागत नाही. बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात लिहितो. महाराष्ट्र दिनाच्या पहाटे नक्षलवाद्यांनी दादापूरला रस्त्याच्या कामावरची पंचवीसहून अधिक वाहनं पेटवून दिली. त्या ठिकाणी पोहोचण्यासाठी कुरखेड्याहून शीघ्र कृती दलाचे जवान एका खासगी गाडीतून निघाले. जांभुळखेड्याजवळ रस्त्याखाली पेरलेल्या सुरुंगाचा स्फोट झाला. १५ जवान आणि त्यांची गाडी चालवणारा एक साधा चालक, असे सोळा जण जागीच गेले. जवानांपैकी काही गडचिरोलीचेच होते. बाकीचे भंडारा, बुलढाणा, यवतमाळ, हिंगोली, बीड अशा ठिकाणांहून इथे नोकरीला आले होते.

रस्ता बांधणाऱ्यांची वाहनं जाळली म्हणून हे जवान निघाले आणि रस्त्यातच त्यांचा जीव गेला. म्हणून त्यांच्या नावाचा मान या रस्त्याचाच आहे, असं मला मनापासून वाटतं. गडचिरोलीत रस्ता ही कधीच फक्त डांबर-गिट्टीची गोष्ट नव्हती. रस्ता झाला की एसटी येते, १०८ची गाडी येते, बाळंतीण वेळेत दवाखान्यात पोहोचते. नक्षलवाद्यांना नेमकं तेच नको होतं. म्हणून इथे रस्त्याच्या कामावर मजुरांइतकेच बंदूकधारी जवानही उन्हातान्हात उभे राहिले. गट्टा–गर्देवाडा–वांगेतुरी रस्ता आणि अहेरी–गर्देवाडा एसटी सुरू व्हायला १ जानेवारी २०२५ उजाडावं लागलं. स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा तिथे लालपरी पोहोचली. त्या बातमीतले गावकऱ्यांचे चेहरे पाहून आनंद झाला, आणि त्याच वेळी अशा रस्त्यांपायी गेलेल्यांची आठवणही आली.

यावर कोणी म्हणेल, गडचिरोलीच्या पोलीस मुख्यालयात शहीद स्मारक आहे, दरवर्षी २१ ऑक्टोबरला मानवंदना होते, मग आणखी काय हवं? स्मारकाबद्दल आदरच आहे. पण तिथे जातो तो पोलीस, अधिकारी किंवा शहिदाच्या घरचा माणूस. कोरचीहून देसाईगंजला बाजाराला जाणारी बाई, कुरखेड्याला कॉलेजात येणारी पोरं, छत्तीसगडचे ट्रकवाले हे सगळे या रस्त्यानं जातात. मे महिन्यात तर पहाटेपासून दोन्ही बाजूंना तेंदूची पानं तोडण्याची लगबग असते. माणसं पानांचे पुडे बांधून फळीवर, म्हणजे खरेदीच्या ठिकाणी, नेत असतात. त्यांच्यापैकी दहा-बारा वर्षांच्या पोरांना इथे काय घडलं होतं, ते ठाऊकच नाही. ही आठवण त्यांच्यापर्यंत पोहोचायची, तर ती त्यांच्या वाटेवर असायला हवी.

आता नाव कसं द्यावं, याबद्दल माझा आग्रह आहे. नुसता ‘शहीद मार्ग’ असा फलक लावून मोकळं होऊ नये. उद्घाटनाच्या कोनशिलेवर पाहुण्यांची नावं ठसठशीत आणि ज्यांच्यासाठी हे सगळं, त्यांचा उल्लेख ‘वीर जवान’ या दोन शब्दांत, असं आपल्याकडे फार वेळा होतं. इथे सोळाही नावं हवीत, प्रत्येकासमोर त्याचं गाव हवं. आणि त्या चालकाचं नाव वेगळ्या ओळीत, लहान अक्षरांत, ‘तसेच’ म्हणून नको. त्याच्या अंगावर वर्दी नव्हती, हातात शस्त्र नव्हतं, तरी तो त्याच गाडीत होता. पंधरांच्या यादीत तो सोळावा म्हणूनच लिहिला जावा. फलक मराठीबरोबर गोंडीतही असावा. या रस्त्याकाठच्या कितीतरी घरांत बोलणं गोंडीतच चालतं.

दुसरी विनंती धानोरा तालुक्यासाठी. २००९ साल आठवलं की अजूनही पोटात कालवतं. १ फेब्रुवारीला मरकेगावला नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात १५ पोलीस मारले गेले. २१ मे रोजी हत्तीगोट्याला १६ जण गेले, त्यांत पाच महिला पोलीस होत्या. त्या पाच जणींबद्दल महाराष्ट्रात किती लोकांना माहिती आहे? आणि विधानसभेच्या मतदानाला पाच दिवस उरले असताना, ८ ऑक्टोबरला भामरागड तालुक्यात लाहेरीजवळ १७ जण गेले. एका वर्षात या तीनच ठिकाणी ४८ माणसं. मुंबईत २६/११ला गेलेल्या पोलिसांची नावं राज्यभर माहीत आहेत, आणि ती असायलाच हवीत. तुकाराम ओंबळे यांचं नाव घेतलं की आजही हात जोडले जातात. मरकेगाव आणि हत्तीगोट्याच्या पोलिसांना तसं कुणी ओळखत नाही. धानोरा–मुरुमगाव मार्गाला या दोन घटनांतल्या पोलिसांचं नाव द्यावं आणि लाहेरीच्या १७ जणांसाठी भामरागड–लाहेरी रस्ता आहेच.

हे आताच का, तर काळ बदलतो आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवाद्यांचा बडा नेता भूपती यानं साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. जिल्हा मोकळा श्वास घेऊ लागला आहे. आता रस्ते रुंद होतील, नवे पूल होतील, आणि नावं देण्याची घाई सुरू होईल. ती नावं कोणाची असतील, याचा अंदाज सगळ्यांनाच आहे. त्याआधी हा निर्णय व्हावा.

मात्र तो मुंबईत किंवा दिल्लीत बसून परस्पर होऊ नये. हा पेसाचा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचा, भाग आहे. नक्षलवाद्यांनी ‘खबऱ्या’ ठरवून मारलेले गावकरीही इथल्याच घरांतले आहेत, आणि त्यांच्या घरच्यांनाही या विषयावर बोलायचं असेल. १ मे रोजी ग्रामसभा होतात. जिल्हाधिकाऱ्यांनी जांभुळखेड्यापासून कोरचीपर्यंतच्या ग्रामपंचायतींना येत्या १ मेच्या विषयपत्रिकेवर रस्त्याच्या नावाचा विषय घ्यायला सांगावं आणि त्या ठरावांसह प्रस्ताव शासनाकडे पाठवावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
कुरखेडा, जि. गडचिरोली