निरीक्षण वहीत मुलांसाठी रकाना हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

संसार, मुलं यांतून वाट काढत चौतिसाव्या वर्षी मी बी.एड.ला प्रवेश घेतला. गेल्या महिन्यात पाठ निरीक्षणासाठी, म्हणजे शिक्षकांचा तास बघून वहीत नोंदी करण्यासाठी, तासगाव तालुक्यातल्या एका मराठी शाळेत, सहावीच्या इंग्रजीच्या तासाला शेवटच्या बाकावर बसले होते.

एक मुलगा उभा राहून म्हणाला, "आय स्कूल टू गो." वर्ग हसला. बाईंनी त्याला 'चूक' म्हटलं नाही. टेबलाच्या खणातून जुन्या कॅलेंडरच्या पट्ट्या काढल्या, तिघांना फळ्यापुढे बोलावून एकेक हातात दिली. 'मी', 'शाळेत', 'जातो'. मग पट्ट्या उलट्या करायला लावल्या. मागे होतं 'आय', 'टू स्कूल', 'गो'. "आता इंग्रजीत उभे राहा." 'गो'वाली मुलगी क्षणभर थबकली आणि शेवटून निघून मधे येऊन उभी राहिली. "शाळेतमधला त कुठं असतो?" "मागं!" "आणि टू?" "पुढं!" मघाचा मुलगा न सांगता उठला आणि वाक्य नीट म्हणाला. या सगळ्याला पाच-सहा मिनिटं लागली असतील.

माझी पहिली २००० सालच्या आधीची, म्हणजे पहिलीपासून इंग्रजी सुरू होण्यापूर्वीची. पाचवीत इंग्रजी आलं तेव्हा मीही असंच बोलायचे आणि हातावर छडी खायचे. क्रियापद जागा बदलतं, हे कुणी असं चालून दाखवलं नव्हतं.

तासानंतर वही भरायला घेतली. प्रस्तावना, हेतुकथन, फलकलेखन, आवाज, प्रश्नकौशल्य, सगळे रकाने शिक्षकाचे. 'इंग्रजीचा वापर' या रकान्यात, बाई मराठीत बोलल्या म्हणून, मला कमी श्रेणी द्यावी लागली. ते मला अजून सलतं. त्या मुलाचं आधीचं वाक्य आणि नंतरचं वाक्य लिहायला कुठेच जागा नव्हती.

२०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, शाळेत घालवायचा काळही वाढला, हे चांगलंच झालं. पण वेगवेगळ्या वर्गांतले सुटे तास पाहून वही भरते, शिकवणं उमगत नाही. विद्यापीठांनी निदान अभ्यासक्रमातला एक घटक सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच वर्गात बघायला लावावा. वहीत एक पान मुलांच्या बोलण्यासाठी कोरं ठेवावं. आणि तास पाहिल्यावर त्या शिक्षकांशी बोलायला एक मोकळी तासिका वेळापत्रकातच असावी.

पट्ट्या आधीच कापलेल्या होत्या. मुलं नेमकी कुठे अडखळणार, हे बाईंना ठाऊक होतं. ते कशावरून ओळखलं, हे मला विचारायचं होतं. पण घंटा झाली आणि त्या आठवीच्या वर्गाकडे निघून गेल्या.

आपली,
एक छात्राध्यापिका, जि. सांगली