करबुड्याच्या बोगद्यातल्या सोबत्यांनो, आभार!

मेमधल्या एका रविवारी आईला घेऊन चिपळूणहून पॅसेंजरने रत्नागिरीला गेलो. काम काही नव्हतं. तिला साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा बघायचा होता. बोगद्यात बघणार काय, काळोख! पण १९९८ साली कोकण रेल्वेची पूर्ण लाईन सुरू झाली तेव्हापासूनची तिची हौस.

खिडकीची जागा न मागता देणाऱ्या कॉलेजच्या पोरा, तुझे आभार. संगमेश्वरला चढलेल्या मावशी, तुम्ही आईच्या हातात करवंदांचा द्रोण ठेवलात आणि पैसे काढले तर रागावलात. उक्षी स्टेशन सुटलं, काळोख झाला, आणि आई घाबरू नये म्हणून तुम्ही तिचा हात धरून बसलात. ती घाबरली नव्हती, पण हात सोडवलाही नाही.

रत्नागिरीला उतरताना तिचा चष्मा गाडीतच राहिला. चूक माझीच, सामान मी आवरलं. संध्याकाळी स्टेशनवर विचारलं तर डबा झाडणाऱ्या दादांनी तो आणून दिलेला, काडीला दोरा बांधलेला, निळ्या रुमालात नीट गुंडाळून. दादांची ड्युटी संपली होती, भेट झाली नाही.

रुमाल धुऊन, घडी करून ठेवलाय. कोणाकडे देऊ, तेवढं कळवा.